ओवीच्या नावाखाली गोळ्या बंद करू नका

माझ्या भाचीला चौथा महिना लागलाय. सासर गोव्यातल्या साखळीला. थायरॉईडची गोळी तिला लग्नाआधीपासून सुरू आहे. गेल्या मंगळवारी फोनवर बोलता बोलता कळलं की नऊ दिवस तिने गोळी घेतलेलीच नाही. कारण विचारलं तर तिने एक व्हॉट्सॲप संदेश पुढे केला, ‘जात्यावरच्या ओवीचे विज्ञान’. तिच्या चुलत सासूने पाठवलेला आणि घरातल्या सगळ्यांना पटलेला. परसात पडलेलं जुनं जातं धुऊन ओटीवर आणून ठेवण्यापर्यंत मजल गेली होती.

तोच संदेश आता मलाही तीन गटांतून आलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या आज्या-पणज्या पहाटे ओव्या म्हणत दळायच्या, म्हणून त्यांना श्रम जाणवले नाहीत. जातं ओढून गर्भाशय बळकट व्हायचं, म्हणून सीझर नव्हतं. त्या कष्ट आनंदाने करायच्या, तक्रार त्यांना ठाऊकच नव्हती. ओवीतल्या ‘ओ’काराच्या कंपनांनी थायरॉईड बरा होतो, गोळ्या लागत नाहीत. ही शक्ती ओळखूनच पोर्तुगीजांनी गोव्यात ओवीवर बंदी घातली. आणि गिरणीच्या पिठात सत्त्व नसतं. खाली सूचना : अकरा सुवासिनींना पाठवा.

गोळीचं आधी बोलते, कारण बाकी सगळं चुकलं तरी कोणाचा जीव जात नाही, इथे जाऊ शकतो. थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी. तिच्याकडून संप्रेरक कमी पडतं तेव्हा ते बाहेरून द्यावं लागतं, आणि भाचीची गोळी म्हणजे तेच संप्रेरक. गळा थरथरला म्हणून ग्रंथी कामाला लागत नाही. तसं असतं तर म्हापशाच्या बाजारात दिवसभर ओरडून मासळी विकणाऱ्या बाईला हा आजार झालाच नसता. आणि आज्यांच्या काळी हे दुखणं नव्हतं म्हणता, तर ही ग्रंथी सुजते त्याला असलेला गलगंड हा शब्द मराठीत आला कुठून?

गरोदरपणात तर ही गोळी दोघांसाठी असते. सुरुवातीचे तीनेक महिने पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी संप्रेरक बनवत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईकडून मिळणाऱ्या संप्रेरकावर चालते, आणि पुढेही ते आईचा आधार सोडत नाही. आईचा आजार उपचाराविना राहिला तर गर्भपाताचा धोका वाढतो. भाचीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी लगेच सुरू केली, रक्त तपासायला घेतलं आणि तिला एवढंच विचारलं, ‘आम्हाला एक फोन का केला नाहीस?’ ती रडायला लागली. तिचा दोष मी मानत नाही. घरातल्या चार मोठ्या बायका एका सुरात सांगतात तेव्हा सव्वीस वर्षांच्या सुनेने काय करावं?

आता सीझर. जुन्या काळी सीझर नव्हतं हे खरं आहे. खेड्यापाड्यांत ते करणारंच कोणी नव्हतं. मूल अडलं तर बाई मरायची, इतकं साधं होतं ते. सरकारने आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानचा अंदाज दिलाय : बाळंतपणामुळे दरवर्षी सुमारे दोन लाख बायकांचे मृत्यू, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वीसेक. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे, त्यामुळे हा आकडा आपला नव्हे. पण पलीकडच्या त्या बायकाही रोज जातंच ओढत होत्या ना? त्यांचं गर्भाशय का नाही बळकट झालं? २०१८-२०च्या सरकारी आकड्यांत भारतातलं हे प्रमाण लाख जन्मांमागे ९७ आहे. हजारी वीस म्हणजे लाखामागे दोन हजार. दोन हजारांवरून सत्त्याण्णव. हा फरक दवाखान्यांनी, रक्ताच्या पिशव्यांनी, औषधांनी आणि हो, वेळेवर केलेल्या सीझरनेही घडवलाय.

जाता जाता एक कबूल करते. गोव्यात सीझर जास्त होतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडचं प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यावर डॉक्टरांना प्रश्न विचारा, जरूर विचारा. पण चौथ्या महिन्यातल्या, अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला जात्यापुढे बसवणं हे त्याचं उत्तर नाही. जड कामाने बाईच्या अंगाचं काय होतं हे सांगणारे शब्दही आपल्याच भाषेत आहेत. ‘अंग बाहेर येणं’, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, हे आमच्या आज्या कुजबुजत बोलायच्या. एकामागून एक बाळंतपणं आणि ओली बाळंतीण असतानाच उचललेली ओझी, ही त्याची ठळक कारणं. संदेश लिहिणाऱ्याने ही कुजबुज कधी ऐकलेली नाही.

श्रम जाणवायचे नाहीत, यात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला माझ्या आईकडून ठाऊक आहे. आई अठ्ठ्याहत्तरची. पेडण्याकडच्या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून गावात गिरण येईपर्यंत तिने नाचणी घरीच दळली. जात्याला ती अजून दांतेंच म्हणते. समोर मोठी जाऊ, मध्ये जातं, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने डाव्या हाताने दाणे वैरायचे, दोघींनी ओढायचं. ओवीची ओळ जिथे लांबते, ‘गो बाय’ म्हणून सूर ओढला जातो, तिथेच हाताची ओढ पुरी होते. दोघींचं ओढणं गाण्यावर जुळायचं. आई सांगते, जावेशी भांडण असलं की दोघी गप्प बसून दळायच्या. मग एक ओढायची तेव्हा दुसरी ढकलायची, खुंटा हातात लचके द्यायचा, पीठ जाडं पडायचं आणि तेवढीच नाचणी दळायला उजाडून जायचं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणारे हाळीवर ओढतात त्याचंही कारण तेच. गाण्याने काम जुळतं, जड काम थोडं सुसह्य होतं. ते हलकं मात्र होत नाही. आईचा उजवा खांदा आज कानाच्या वर जात नाही. पोलकं घालायला माणूस लागतं.

आणि आनंदाने गायच्या म्हणे! मी आईला तो संदेश वाचून दाखवला. तिने विचारलं, ‘कोणी लिहिलं हे? बाप्यान?’ म्हणजे पुरुषाने? मग म्हणाली, गायलो नसतो तर झोप लागली असती आणि डोकं जात्यावर आपटलं असतं. आदल्या रात्री भांडी घासून पाठ टेकायला अकरा वाजायचे, कोंबडा आरवायच्या आत पुन्हा जात्यावर. त्या घरात माहेरचं नाव काढायला मोकळीक होती ती फक्त त्या वेळेला. भावाचं नाव, आईचं नाव, सासू बोलली ते, नवऱ्याने हात उगारला ते, सगळं ओवीत घालायचं. थेट बोललं असतं तर मार बसला असता.

एकट्या आईचा शब्द कोणाला पुरणार नाही, म्हणून दुसरा पुरावा देते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून माणसं जोडून, गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचता येतात, कित्येक मूळ आवाजात ऐकताही येतात. त्या महाराष्ट्रातल्या आहेत, गोव्याच्या नव्हेत, पण जातं तेच आणि पहाटही तीच. एक संध्याकाळ काढून ऐका. लेकीच्या जन्माचं दुःख, सासरचा जाच, सीतेच्या वनवासात आपलाच वनवास पाहणं, जिवाभावाच्या मैत्रिणी. डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्या तर किती तरी! माया आहे, भक्ती आहे, थट्टा आहे, आणि त्याच्या बरोबरीने तक्रारही आहे, भरपूर. ‘तक्रार त्यांना ठाऊकच नव्हती’ असं म्हणणाऱ्याने एकही ओवी ऐकलेली नाही. या बायकांनी आपलं दुखणं सांगायला जे रचलं तेच त्यांना दुखत नव्हतं याचा दाखला म्हणून फिरवायचं, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

पोर्तुगीजांच्या बंदीचं. बंदी होती, तेवढं खरं. आपल्या प्रियोळच्या अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयावरच्या, १९६१च्या इंग्रजी पुस्तकात १७३६चा हुकूम दिलाय, त्यात लग्नप्रसंगी ओव्या म्हणायला मनाई आहे. पण ती मनाई धर्मांतर केलेल्या लोकांना होती. त्याच हुकुमात धोतर, चोळी आणि दारची तुळसही आहे. जुना धर्म आणि जुन्या रीती पुसायच्या होत्या. थायरॉईडशी त्याचा काय संबंध? शिवाय ओवी पुसली गेलीच नाही. आजही ख्रिस्ती घरांत लग्नाआधी रोस, म्हणजे नारळाचा रस, लावताना बायका व्होव्यो म्हणजे ओव्याच म्हणतात. इतका मोठा इतिहास हाताशी असताना त्यात खोटं कालवायची गरजच नाही.

पिठाचं दोन ओळींत. तांदूळ फार पॉलिश केला तर कोंड्याबरोबर ब१ जीवनसत्त्व जातं, हे खरं. पण तो दोष पॉलिशचा. नाचणी गिरणीत दळली तरी कोंड्यासकट दळली जाते. आणि आपल्या उकड्या तांदळात उकडतानाच बरंचसं सत्त्व दाण्यात मुरतं. तोच खा. गिरण आली त्या वर्षी आई दीड कोस डोक्यावर डबा घेऊन आपल्या पायांनी गेली होती, कोणी पाठवावं लागलं नाही.

भाचीच्या चुलत सासूला मी परवा फोन केला. ‘मी कुठे गोळ्या बंद कर म्हटलं?’ असं त्या म्हणाल्या. मी संदेशातली ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, आणखी कोणाकोणाला पाठवलात? त्यांनी नावं सांगितली. त्या अकरांतल्या दोघी गरोदर आहेत, एक डिचोलीला, एक वाळपईला. दोघींना फोन करायचं त्यांनी कबूल केलंय. केला की नाही ते मी आज संध्याकाळी विचारणार आहे.