दोन स्क्रीन लावले म्हणजे बॅकअप झाला?

घरी विमान बांधणाऱ्यांसाठीचा एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. सार असं: ‘पॅनलमध्ये एकाच कंपनीचे दोन मोठे डिस्प्ले बसवा. दोन्हींवर फ्लाइटचं आणि इंजिनचं सगळं दिसतं, एक गेला तर दुसरा आहेच. बॅकअप बॅटरी असते, वर टॅब्लेट ठेवा. वेग-उंची दाखवणाऱ्या काट्यांच्या जुन्या घड्याळांचं ओझं कशाला?’

विमान कारखान्याचं ओझर शेजारी असल्यामुळे नाशिककरांना विमानाचं कौतुक जरा जास्तच. मला हा मजकूर तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाच्या गॅरेजमध्ये खरोखरच सांगाडा उभा आहे आणि पॅनल कापायचं बाकी आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

‘एक गेला तर दुसरा आहेच.’ अहो, पण स्क्रीन म्हणजे नुसती दाखवणारी काच. वेग, उंची, विमानाचा कल मोजणारा डबा बहुतेकदा वेगळा असतो आणि इंजिनचे प्रोब, म्हणजे तापमान वगैरे मोजणारे सेन्सर, ज्यात येतात तो आणखी वेगळा. हौशी माणूस स्क्रीन दोन घेतो आणि डबे एकेकच. सातपूरला एका मित्राच्या शेडमध्ये आम्ही असं पॅनल टेबलावर मांडून 12 व्होल्टवर चालू केलं होतं. प्रोब टेबलावरच लोळत होते, त्यामुळे सगळे सिलिंडर शेडचंच तापमान दाखवत होते. मी इंजिनच्या डब्याचा एक कनेक्टर उपसला. दोन्ही स्क्रीनवर एकदमच लाल फुल्या! मित्रानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घरात ट्यूबलाइट चार असल्या तरी मेन स्विच एकच, तसला प्रकार.

बरं, डबेही दोन घेतले तर? बरंच सुधारतं, पण आतला प्रोग्राम तोच राहतो. 4 जून 1996 ला एरियान 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. दिशा-गती सांगणारे दोन संगणक, एक चालू, एक राखीव, दोन्हींत तोच प्रोग्राम. एक आकडा 16 बिटांत मावेना. राखीव आधी बंद पडला, पाठोपाठ त्याच कारणानं मुख्यही. 40 सेकंदांच्या आत रॉकेटचे तुकडे. आणि पिटो, म्हणजे वेग मोजण्यासाठी समोरची हवा आत घेणारा बाहेरचा भाग? तो बहुधा एकच असतो. त्याच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं की दोन्ही स्क्रीन वेगाबद्दल अगदी एकमतानं खोटं बोलणार. त्याच नळीवरचं काट्याचं घड्याळही त्यांच्या सुरात सूर मिसळेल, हेही कबूल करतो. विमान उभं असताना पिटोवर टोपी चढवायला पर्याय नाही.

‘बॅकअप बॅटरी असतेच.’ ती स्क्रीन उजळत ठेवते, इंजिन नाही. रोटॅक्स 912 यूएलएस या छोट्या विमानांच्या इंजिनाचं इग्निशन त्याच्या स्वतःच्या कॉइलवर चालतं, विमानाची बॅटरी मेली तरी प्रोपेलर फिरतो. पण इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवलं असेल तर पंप आणि बहुधा इग्निशनही विमानाच्या विजेवर. अल्टरनेटर गेला, बॅटरी उतरली, की समोर झकास रंगीत चित्र आणि त्यापलीकडे थांबलेला पंखा. तिथे व्होल्टेज पडल्याचा वेगळा लाल दिवा आणि इंजिनसाठी स्वतंत्र वाटेनं येणारी दुसरी बॅटरी ही तिसऱ्या स्क्रीनपेक्षा जास्त कामाची.

टॅब्लेटचं थोडक्यात. आयपॅडला अ‍ॅपलनं सांगितलेली वापराची मर्यादा 35 अंश आहे. आपला एप्रिल-मे आठवा आणि वर कॅनपी, म्हणजे कॉकपिटचं पारदर्शक छत. शिवाय तो दाखवतो तो जमिनीवरचा वेग. पाठीमागून 20 नॉटचा वारा असेल तर टॅब्लेटवरच्या 60 मधले पंखांच्या वाट्याला 40 च येतात. स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल जाणं) पंखांच्या हिशोबानं होतो.

घड्याळांच्या ओझ्याबद्दल मात्र तो सल्ला अर्धा बरोबर आहे. जुन्या पॅनलवरची सहाच्या सहा घड्याळं कोणी लावू नयेत. दिवसा, जमीन दिसत असताना उडायचं असेल तर यांत्रिक वेगमापक आणि उंचीमापक पुरे. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं, स्वतःचे सेन्सर आणि स्वतःची बॅटरी असलेलं छोटं उपकरण. इंजिनसाठी मी ऑइल प्रेशरचा साधा स्विच आणि एक दिवा वेगळ्या वायरनं टाकेन. खर्च किरकोळ.

गॅरेजवाल्यानं पॅनल आधी पुठ्ठ्यावर काढलंय. परवा त्यासमोर बसून आम्ही एकेक फ्यूज काल्पनिक उपसत गेलो आणि प्रत्येक वेळी काय उरतं ते पेन्सिलीनं लिहिलं. दुसऱ्या मोठ्या स्क्रीनवर आता फुली पडली आहे. सगळ्यांचं ग्राउंड, म्हणजे वीज परतायची वायर, एकाच बोल्टवर घ्यायचं की दोन, यावर अजून भांडण चालू आहे.