बोडोनी, लग्नपत्रिका आणि एक रागीट प्रतिक्रिया

'अक्षरप्रेमी', लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं बोडोनी या रोमन लिपीच्या टाइपात मोठी छापावीत असं मी लिहिलं होतं, त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं : "लग्नपत्रिकेवर बोडोनी म्हणजे निव्वळ दिखाऊपणा. बारीक रेषा छपाईत उडतात, आजोबांना पत्ता वाचता येत नाही. लेखकाने लिहिण्याआधी एखादा छापखाना पाहिला असता तर बरं झालं असतं."

शेवटच्या वाक्याची गरज नव्हती. मतभेद असावेत, पण ही कुठली रीत? माझे वडील बडोद्याच्या रावपुऱ्यात ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, चालवायचे. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना काळी झालेली बोटं मी लहानपणापासून पाहिली आहेत, शाळेतून आलो की खिळे परत खणांत टाकायचं काम माझंच. तेव्हा छापखाना मला दाखवू नका.

सहा-सात पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) बोडोनी वाचवत नाही, हे मान्य. पण मी कुठे म्हटलं की पत्ता बोडोनीत छापा? मी वधूवरांच्या नावांबद्दल लिहिलं होतं, तीही छत्तीस पॉइंटात. या टाइपाचं सगळं सौंदर्यच जाड उभ्या दांड्या आणि केसासारख्या रेषा यांच्या फरकात आहे. सेरिफही, म्हणजे दांडीच्या टोकाची आडवी रेघ, सपाट, दांडीला वळण न घेता चिकटलेली. मोठ्या आकारात तो फरक खुलतो, लहानात नुसत्या दांड्या उरतात. ज्याच्या नावाने हा टाइप ओळखला जातो त्या इटलीतल्या पार्म्याच्या मुद्रक बोडोनीला हे ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? तो प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरायचा. 1818 साली, त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने प्रसिद्ध केलेला त्याचा नमुनाग्रंथ चाळा. 1994 मध्ये आयटीसी या टाइप काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने हाच टाइप पुन्हा काढला तो सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटांसाठी तीन वेगळ्या घडणींत, आणि सहाच्या घडणीत बारीक रेषा मुद्दाम जाड ठेवल्या. तुम्ही पाहिलेल्या पत्रिकेत कुणीतरी मोठ्या आकाराची घडण दाबून लहान केली असणार. त्यात टाइपाचा काय दोष?

रेषा उडतात म्हणता, तर त्या कुठे उडतात तेही सांगा ना. मरून कागदावर सोनेरी फॉइल मारताना बारीक रेष तुटते. गडद जमिनीत पांढरं अक्षर सोडलं की भोवतीची शाई पसरून ती बुजते. साध्या पांढऱ्या आर्ट कार्डावर काळ्या शाईत मोठं नाव छापा, काही होत नाही. हा फरक ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याला छापखान्याचा रस्ता दाखवू नये, एवढंच.

टाइपाच्या परवान्याची किंमत, देवनागरीला असलं काही शोभतं का, वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांना इथे उत्तर देत बसत नाही. (देवनागरीची जाड-बारीक रेष बोरूच्या तिरक्या कापातून येते, तो विषयच निराळा.) 'दिखाऊपणा' म्हणाल तर लग्नपत्रिका दाखवायलाच छापतात हो!

पुढच्या वेळी ती पत्रिका घेऊन दांडिया बाजारात या. पट्टी मी आणतो, नाव किती पॉइंटात आहे आणि पत्ता किती, मोजून पाहू. चहा माझ्याकडून.