फ्लेमिंगोंना पंख आहेत, पण खाडीला भरतीही आहे

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: ‘ठाणे खाडीतले फ्लेमिंगो सांडपाण्यामुळे आले. सरकारनं त्यांना अख्खं अभयारण्य दिलंय. नेरुळची तळी माणसानंच केलेली, ती पाणथळ कसली? पक्ष्यांना पंख आहेत, जातील दुसरीकडे. आणि विमानतळाजवळ पक्षी नकोतच.’ पाठवणारे काका भले गृहस्थ आहेत, आणि यातलं एक वाक्य निम्मं खरंही आहे. तिथूनच सुरू करतो.

सांडपाणी. धाकटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची लहान जात, चोच उलटी पाण्यात घालून निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ते शेवाळ फोफावतं. नव्वदच्या दशकात शिवडीच्या चिखलात हे थवे मोठ्या संख्येनं दिसू लागले, त्यामागे हेही एक कारण सांगतात. इथवर मान्य. पण म्हणून त्यांना घाण आवडते असं ठरत नाही. कच्छच्या रणात कुठलं शहर सांडपाणी सोडतं? तिथे तर ते घरटी करतात. त्यांना लागतं उथळ, खारं, हलतं पाणी. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावात (डीपीएस तलाव) भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तलाव सुकत गेला आणि आसपास मेलेले रोहित सापडले. अडचण पाणी न येण्याची होती.

आता अभयारण्य. सगळा गोंधळ याच मुद्द्यावर आहे, म्हणून जरा सविस्तर.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साधारण 1,690 हेक्टर. त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि उरलेलं 794 हेक्टर पाणी. 2022 मध्ये ते रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झालं. ऐकायला भरपूर वाटतं. पण तिवरांच्या दाटीत रोहित उतरत नाही, त्याला उघडा चिखल हवा. आणि हा चिखल दिसतो फक्त ओहोटीला. ऐरोलीहून बोटीनं गेलेल्यांनी पाहिलं असेल, सकाळी जिथे हजारो पक्षी माना खाली घालून चरत होते, तिथे दुपारी नुसतं पाणी. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. धाकटा रोहित उभा राहिला तरी मीटरभरही भरत नाही.

मग भरतीला ते जातात कुठे? भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला, नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, उरणकडे पाणज्याला. तिथे घोटाभर पाण्यात एका पायावर विसावतात, पाणी उतरलं की परत खाडीत. असं रोज दोनदा, रात्रीच्या भरतीलाही. बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 2022 मध्ये सहा रोहितांना उपग्रह-टॅग लावले, त्यांच्या नोंदींतही खाडी आणि बाहेरच्या पाणथळींमधली हीच ये-जा दिसते. म्हणजे अभयारण्याची हद्द आपण ओहोटी पाहून आखली आणि भरतीच्या जागा बाहेर राहिल्या. जेवणघर राखीव, झोपायची खोली मात्र बिल्डरकडे.

‘पंख आहेत, जातील’ याचं उत्तरही इथेच आहे. खाडीपासून लांब जागा मिळालीच, तरी तिथवरची खेप दिवसातून दोनदा. खाऊन जमवलेली चरबी मे-जूनच्या परतीच्या प्रवासासाठी असते, रोजच्या हेलपाट्यांसाठी नव्हे. तुतारी, चिखल्या यांसारखे छोटे किनारपक्षी तर सायबेरियाच्या वाटेवरचे. त्यांचं गणित आणखी काटेकोर.

माणसानं केलेली तळी? रामसर कराराच्या व्याख्येतच ‘नैसर्गिक किंवा कृत्रिम’ असे शब्द आहेत. आपल्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मिठागरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, सिंचनासाठी वगैरे मुद्दाम बांधलेली तळी वगळलीत, बहुधा तिथूनच हे वाक्य सुटलं असावं. नेरुळची तळी यातल्या कशासाठी बांधली, ते काकांनी सांगावं. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 ची, भरतीचं पाणी शिरणारं खाजण त्याआधीचं. आगरी-कोळी म्हाताऱ्यांना विचारा, ते बांध, उघाडी आणि चिंबोऱ्यांसकट सांगतील. 2025 मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळानं डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली, ती काही डबकं समजून नाही.

राहिला नवी मुंबईचा विमानतळ. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेनं चाळीसेक रोहित मेले, तेव्हापासून या मुद्द्याला जोर आलाय. भीती रास्त आहे, उपाय उलटा आहे. तळं बुजवून भरती थांबत नाही. ते तीन-चार तास थवा एकतर हवेत राहील, नाहीतर जवळच्या एखाद्या सपाट, मोकळ्या, पाणी साचलेल्या जागेवर उतरेल. आणि खाडीच्या आसपास सध्या सगळ्यात सपाट आणि मोकळी जागा कुठली, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको.