मोत्याला मोड नाही, म्हणूनच!

"मोत्यात कशाला पैसे घालताय? मोत्याला मोड येत नाही." लग्नाच्या खरेदीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. सराफ म्हणतो, आत्या म्हणते, आणि ज्यांना कोणी विचारलेलंच नसतं ते काकाही म्हणतात. भाचीच्या खरेदीत यंदा इतक्यांदा ऐकलं की म्हटलं, आता लिहूनच टाकू. मोड येत नाही, म्हणजे परत विकायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही, हे खरंय. मला नवरीच्या अंगावर मोती आवडतो तो त्यासाठीच.

पण हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही बरं का. एके काळी मोती सोन्याच्याही वर बसायचा. पानिपताची बातमी देणारं सावकारी पत्र आठवा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोती, बडे सरदार मोहरा. १७६१ सालची उतरंड ही अशी.

पणजीच्या नथीतला बसरा मोती यायचा इराणच्या आखातातून. बहारीन-कुवेतचे पाणबुडे श्वास रोखून तळाशी जायचे, शिंपले वर आणायचे आणि माल यायचा मुंबईला. मुंबई ही त्या मोत्यांची मोठी पेठ होती. अरब व्यापारी इथे मुक्काम ठोकून असत. मोती पारखून, भोकं पाडून, जोड्या लावून पुढे युरोपला रवाना होत. त्यामुळे 'अस्सल मराठमोळा' तन्मणी घालून मिरवताना निम्मं श्रेय अरबांना द्यायला हरकत नाही.

मग जपानच्या कोकिची मिकिमोतोने १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला. पुढे गोल मोतीही पिकू लागले, त्यात जागतिक मंदी आली, आणि आखातातला धंदा बसला. भाव किती कोसळावेत? १९१७ मध्ये कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा अख्खा वाडा घेतला तो मुख्यतः एका दुपदरी मोत्याच्या कंठ्याच्या बदल्यात. कंठ्याची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर. तोच कंठा १९५७ मध्ये लिलावात दीड लाखाच्या आसपास गेला. वाड्यात मात्र त्यांचं दुकान अजून आहे!

आता माझा मुद्दा. सोन्याला मोड आहे म्हणून सोन्याला तोळे आहेत, आणि तोळे आहेत म्हणून लग्नाच्या मांडवात हिशेब आहे. "किती तोळे घातले?" हे विचारायला कोणाची जीभ अडखळत नाही. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, सगळं नजरेच्या काट्यावर चढतं. मोत्याच्या चिंचपेटीचं काय वजन करणार? तिच्याकडे पाहून विहीणबाई एकच बोलू शकतात, "छान दिसतेय." दहा ग्रॅम सोनं लाखाच्या पुढे गेलेलं असताना, ज्या दागिन्याने बापाची ऐपत मोजता येत नाही तो मला फार सभ्य वाटतो.

"अहो, पण सोनं हे बाईचं स्त्रीधन, अडीनडीला उपयोगी." मान्य, शंभर टक्के मान्य. पण ते अंगावर घालून चार तास लोकांना दाखवल्याने अडीनडीला जास्त उपयोगी पडतं का? द्यायचं ते तिच्या नावाने, तिच्या लॉकरमध्ये ठेवा आणि किल्लीही तिच्याकडेच राहू द्या. सासूबाईंच्या कपाटातलं स्त्रीधन मी बरंच पाहिलंय.

आणि खरा-खोटा मोती हा वाद घालणाऱ्यांनी मुंडावळ्यांकडे बघावं. नवरा-नवरी दोघांच्या कपाळाला त्या बांधतात, बहुतेक घरांत त्या बाजारातल्या साध्या खोट्या मोत्यांच्याच असतात, आणि आजवर कोणी नाक मुरडलेलं मी पाहिलं नाही. तेव्हा नऊवारीवर भाड्याचा सेट घातला तरी माझी ना नाही. माझी ना आहे ती 'पारंपरिक मराठी वधू' म्हणून एकच पेशवाई थाट सगळ्यांच्या गळ्यात मारण्याला. मोत्याचा तन्मणी ही मोजक्या सुखवस्तू घरांची चैन होती. कित्येक घरांतल्या नवऱ्या डोरलं, हिरवा चुडा आणि चांदीच्या जोडव्यांवर उभ्या राहिल्या, त्याही तेवढ्याच पारंपरिक.

घ्यायचेच असतील तर गोड्या पाण्यातले मोती घ्या, चीनमधून भरपूर येतात. चिंचपेटी आणि कुड्या काही हजारांत होतात. दोन मोती एकमेकांवर हलके घासा. खरा किंचित खरखरतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा सहसा गुळगुळीत सरकतो. अत्तर, हेअरस्प्रे सगळं उरकून मग मोती घाला, घरी आल्यावर आधी तेच उतरवा. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, घामाने आणि अत्तराने त्याचं पाणी जातं. मऊ सुती कापडाने पुसून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.

आणि आजीचा जुना तन्मणी घरात असेल तर "मोड नाही" ऐकून कवडीमोलाने देऊन बसू नका. अस्सल बसरा निघाला तर गोष्टच वेगळी, त्याला आजही गिऱ्हाईक आहे. पिकवलेला की नैसर्गिक हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नाही. रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक्स-रे काढून सांगतात.

आमच्याकडच्या तन्मण्याचा रेशीमदोरा खोडापाशी, म्हणजे मधल्या पदकापाशी, काळा पडून पार सैल झालाय. लग्न तोंडावर आलंय आणि दागिने गाठवणारे पूर्वीचे पटवेकरी आता सापडत नाहीत. ठाणे-डोंबिवलीकडे मोती नीट गाठवून देणारं कोणी माहीत असेल तर कृपया कळवा. समोर बसवून गाठवून देणारा असेल तर उत्तम, दागिना ठेवून जायची माझी तयारी नाही.