आई हयात असल्याचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात आई जिवंत आहे का, हा प्रश्न निघतो. आम्हाला शंका नसते. पहाटे साडेपाचला कुकरची शिट्टी आणि पाठोपाठ 'उठा आता, दुपार झाली' एवढा पुरावा घराला पुरतो. बाबांची फॅमिली पेन्शन देणाऱ्यांना पुरत नाही.

2014 पासून हयातीचा दाखला डिजिटल निघतो. मशीनवर बोट ठेवायचं, ठसा आधारशी जुळला की माणूस पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत. पण आईची बोटं पन्नास वर्षं भांडी घासून गुळगुळीत झालेली. "आजी, दाबून ठेवा." दाबलं. "एवढं नका दाबू." पदराला पुसून झालं, खोबरेल लावून झालं, दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी मशीनवाल्या पोराने तिच्या पायांकडे पाहिलं, असा मला भास झाला.

2021 पासून चेहराही चालतो, तोही घरबसल्या मोबाइलवर. यंदा मी बाह्या सरसावल्या. दोन ॲप डाउनलोड केली, तर आधी दाखला काढून देणाऱ्याचा चेहरा तपासणार म्हणे. म्हणजे आईच्या आधी मीच हयात ठरलो. बरं वाटलं.

मग आईला खिडकीपाशी बसवून चष्मा उतरवला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हसायला लागली.

"आई, इकडे बघ. आता डोळे मिचकाव."

"कोणाला?"

"मोबाइलला."

"या वयात?"

समजावलं. पण मोबाइल समोर आला की ती श्वास रोखून, डोळे वटारून पुतळा व्हायची. तिचं काय चुकलं? शाळेच्या ग्रुप फोटोपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत प्रत्येक फोटोग्राफर तिला 'डोळे मिटू नका' असंच ओरडत आलाय. हे ॲप करताना कुणी एखादी आजी शेजारी बसवली असती, तर पहिली सूचना 'पापण्या मिटा' नसती, 'हा फोटो नाही' अशी असती.

सहा वेळा फसलं. सातव्या वेळी स्वयंपाकघरात बायको कांदा चिरायला बसली. आईच्या डोळ्यांना धार लागली, पापण्या फडफडल्या, गोल हिरवा झाला!

दाखल्याचा नंबर आला, सोबत टिपलेला चेहराही. आईने चष्मा चढवून पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले.

"अरे," ती म्हणाली, "हा जिवंतपणाचाच दाखला ना?"