‘तीन वर्षांचा रिटर्न असेल तर सरकार दहापट देतं’: अपघात भरपाईच्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

एक मेसेज कित्येक वर्षं फॅमिली ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कुणाचा अपघाती मृत्यू झाला आणि त्या व्यक्तीने आधीची सलग तीन वर्षं इन्कम टॅक्स रिटर्न भरला असेल, तर तिच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट रक्कम कुटुंबाला देणं सरकारवर बंधनकारक आहे. आधाराला मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 166 आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या एका निकालाचा क्रमांक. शेवटी, लोकांना माहीत नसतं म्हणून कुणी मागत नाही, सगळ्यांना पाठवा.

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण घरात मयत झालेली असताना माणसं याच मेसेजवर विसंबतात. मग कुणी नको त्या कार्यालयात खेटे घालतं, तर कुणी रिटर्न नाही म्हणून गप्प बसतं. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘सरकार देतं.’ नाही. कलम 166 खरं आहे, पण भरपाईचा अर्ज कुणी आणि कुठे करायचा एवढंच ते सांगतं. अर्ज करायचा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. पैसे द्यायचे असतात ज्याच्या चुकीने अपघात झाला त्या गाडीच्या चालक-मालकाने, आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) चालू असेल तर त्यांच्या वतीने विमा कंपनीने. एसटीने धडक दिली तर महामंडळ देतं, तेही गाडीचं मालक म्हणून. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मात्र वेगळी योजना आहे: 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये. हा अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. तिथेही रिटर्नचा आणि दहापटीचा काही संबंध नाही.

‘कुठलाही अपघाती मृत्यू.’ हेही नाही. स्वतःच्याच चुकीने गाडी दुभाजकावर आदळली, दुसरं वाहन नव्हतंच, तर थर्ड पार्टी विमा चालकाच्या घरच्यांच्या कामाला येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो पॉलिसीतला मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, 15 लाखांचा. तो आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे आजच पाहून ठेवा.

‘दहापट.’ सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. न्यायाधिकरणाचा हिशोब सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलाय. वार्षिक उत्पन्नाला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक, आणि तो मयताच्या वयावर ठरतो: पंचविशीपर्यंत 18, मग उतरत उतरत पासष्टीनंतर 5. सरसकट दहा कुणालाच नाही.

एक उदाहरण मांडतो. 32 वर्षांचा टेम्पोवाला, स्वतःचा धंदा, महिन्याला 20 हजार, म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार. पुढे उत्पन्न वाढलं असतं म्हणून त्यात 40 टक्के मिळवायचे, झाले 3 लाख 36 हजार. घरात बायको, दोन मुलं आणि आई असे चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 2 लाख 52 हजार. 31 ते 35 वयाला गुणक 16. एकूण 40 लाख 32 हजार. अंत्यविधीचा खर्च, घरच्यांनी गमावलेला सहवास वगैरेंची रक्कम आणि व्याज वेगळं. मेसेजच्या हिशोबाने हाच आकडा 24 लाख! विमा कंपनीने तडजोडीला 25 लाख देऊ केले, तर मेसेज वाचलेलं कुटुंब आनंदाने सही करेल. उलट 58 वर्षांच्या माणसाला गुणक 9 आणि उत्पन्नवाढही कमी, म्हणजे तिथे दहापटीची आशा फोल ठरते. आणि मयताचीही चूक निघाली, तर तेवढा हिस्सा कापला जातो.

‘रिटर्न असेल तरच.’ रिटर्न हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा, एवढं मान्य. पण तो अट नाही. पगारपत्रक, बँकेचं पासबुक, दूध डेअरीची बिलं, कारखान्याची ऊसबिलं, मालकाची साक्ष, यातलं काहीही चालतं. कागदच नसेल तर किमान वेतन वगैरे पाहून न्यायाधिकरण उत्पन्न अंदाजाने ठरवतं. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ते पुन्हा ठासून सांगितलं. शेतमजुराच्या विधवेला ‘तुमच्याकडे रिटर्न नाही’ म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर तो तिच्यावर धडधडीत अन्याय आहे.

आता मेसेज जे सांगतच नाही ते. 1994 पासून या दाव्याला मुदतच नव्हती, म्हणून ‘कधीही करता येतो’ असं अजून बोललं जातं. 1 एप्रिल 2022 पासून मात्र अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. पण अंतिम निकाल काय लागेल त्यावर आपल्या पोरांचं भवितव्य टांगून ठेवू नका. सहा महिन्यांच्या आतच अर्ज दाखल करा.

दावा जखमींनाही करता येतो, हेही त्या मेसेजात नाही. त्यासाठी दवाखान्यातलं डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं आणि अपंगत्वाचा दाखला जपून ठेवा.

दुसऱ्या गाडीचा नंबर फोटोसकट घ्या. एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रत पोलिसांकडून मागून घ्या, आणि गाडी कुठल्या बाजूला होती, ब्रेकच्या खुणा कुठवर आहेत हे पंचनाम्यात आलंय का ते वाचून पाहा. ‘आपसात मिटवू’ म्हणत कुणी स्टॅम्प पेपर पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि अपघात पुणे-बंगळूर हायवेवर झाला म्हणून बीडच्या माणसाने पुण्याला खेपा घालायची गरज नाही. जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो.