‘गुदगुल्या’त असभ्य काय आहे?

निपाणीचे काका, सप्रेम नमस्कार.

लावणीवरच्या लेखात मी ‘मनाला गुदगुल्या होतात’ असं लिहिलं, ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शब्दात संस्कृत ‘गुद’ आहे, म्हणून तो असभ्य, ‘गुल्या’ हे कानडी ‘कचगुळी’चं, म्हणजे गुदगुल्यांच्याच कानडी शब्दाचं शेपूट, म्हणून तो आपला नव्हेच. ‘रोमांच’ किंवा ‘हर्ष’ लिहायला हवं होतं.

डोकं संस्कृत आणि शेपूट कानडी! बेळगावात डोकं मराठी आणि शेपूट कानडी अशी वाक्यं रोज कानावर पडतात, पण हा शब्द तसा घडलेला नाही. गुदगुल्या होतात काखेत, तळपायाला, बरगड्यांपाशी. तुम्ही म्हणता त्या अवयवाशी त्यांचा काय संबंध? हिंदीत गुदगुदी, बंगालीत कातुकुतु, तेलुगूत कितकितलु, तमिळमध्ये किच्चुकिच्चु. भाषाकुळं वेगळी, तरी सगळीकडे बोटं नाचावीत तसे उच्चार नाचतात. लॅटिनमधला ‘टिटिलारे’ याच थाटाचा. त्याचाही अर्थ गुदगुल्या करणं, आणि त्यातूनच आलेला इंग्रजी ‘टिटिलेट’ आज मन चाळवण्यासाठी वापरतात. अशा नादातून घडलेल्या शब्दांत कोणी कोणाकडून घेतलं, हे ‘गुळी-गुली’च्या यमकावरून ठरत नाही. अडकित्त्याचं तसं नाही. त्यात कानडी ‘अडके’, म्हणजे सुपारी, सरळ दिसते. आणि गुदगुल्या कानडीतून आल्या असत्या, तर अडकित्त्याइतक्याच आपल्या झाल्या असत्या.

तुमचे सोज्ज्वळ शब्दही अंगावरचेच बरं का. रोमांच म्हणजे केस उभे राहणं, आणि ‘हर्ष’च्या ‘हृष्’ धातूचाही जुना अर्थ तोच.

पण रोमांच एकट्यालाही येतो, डोंगरावर, देवळात. गुदगुल्यांना दुसरं माणूस लागतं. मूल स्वतःला फारशा गुदगुल्या करू शकत नाही, बोट नेमकं कुठे लागणार ते आधी कळता कामा नये, असं डार्विनने १८७२मध्ये लिहून ठेवलंय. लंडनच्या संशोधकांनी १९९८मध्ये मेंदूची चित्रं घेऊन कारण दाखवलं: आपल्याच हाताचा स्पर्श लहान मेंदू आधीच ओळखतो, मग त्यातली गंमत उतरते. दुसऱ्याचं बोट कुठे लागणार ते कळत नाही, म्हणून तर ते नुसतं जवळ आलं तरी पोर खिदळतं. लावणीतली बाई अर्धी ओळ गाऊन थांबते, ढोलकीवाल्याकडे बघते, तेव्हा फडात हेच चालू असतं. याला ‘हर्ष’ म्हणायचं?

शब्द बदलत नाही, काका. तुमच्या घरी मराठी बोलताना पोरांना ‘कचगुळी’ करतात की ‘गुदगुल्या’, तेवढं मात्र कळवा.